दाढ काढण्याआधी
(कार्यकर्ता मेळाव्यातील भाषण)



सेवेचे अनुभव सांगा, असा निरोप होता. मी दातांचा डॉक्टर, तेव्हा दातांबद्दलच बोलतो.

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर शिबिरे सुरू केली तेव्हा दिवसभरात किती दात काढले, हा आकडा आम्ही अहवालात अभिमानाने लिहीत असू. आज त्याची लाज वाटते. आश्रमशाळेतली सातवीची एक मुलगी गाल धरून आली. मी दाढ काढली, ठणका थांबला. पुढच्या वर्षी ती दुसऱ्या बाजूची दाढ दाखवून म्हणाली, "डॉक्टर, हीपण काढा." दाढेवर इलाज म्हणजे ती काढणे, हा धडा तिला मीच दिला होता.

सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्या जागी आधी काही पडलेले नसते, म्हणून आईबापांना तीही दुधाचीच वाटते. पडेल आणि दुसरी येईल, असे म्हणून सोडून देतात. ती पुन्हा येत नाही.

कीड लहान असेल तर दाढ भरायला वीज लागत नाही, खुर्ची लागत नाही. हाताच्या अवजाराने मऊ पडलेला किडका भाग खरवडायचा आणि ग्लास आयोनोमर सिमेंट बोटाने दाबून बसवायचे. ही पद्धत १९८०च्या दशकात टांझानियात सुरू झाली. आपण शाळेच्या बाकावर मुलाला आडवे करून तेच करतो. बहुतेक वेळा भुलीचे इंजेक्शनही लागत नाही. त्या मुलीची दुसरी दाढ मी अशीच भरली. काढली नाही म्हणून ती नाराज होऊन गेली!

दुसरे औषध सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. थेंबभर लावले की बहुधा कीड पुढे सरकत नाही, पण किडलेली जागा कायमची काळी पडते. समोरच्या दाताला लावण्याआधी आईला विचारलेच पाहिजे. ही दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत २०२१ पासून आहेत.

रात्री झोपू न देणारा ठणका असेल तर मात्र कीड नसेपर्यंत गेलेली असते. मग रूट कॅनाल करून कॅप, नाहीतर दाढ काढणे. रूट कॅनालला अनेकदा दोन-तीन खेपा होतात, आणि पाड्यावरून प्रत्येक खेपेला बापाची मजुरी बुडते. म्हणून मी अजूनही दाढा काढतो, खोटे कशाला सांगू? गालावर सूज, ताप किंवा तोंड उघडेनासे झाले, तर शिबिराची वाट पाहू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

एका हितचिंतकांनी दातांची खुर्ची देऊ केली आहे. त्यांना माझी विनंती आहे, खुर्चीऐवजी सिमेंट द्या आणि जीपच्या डिझेलचा खर्च उचला. वर्षातून दोनदा त्याच शाळेत जायचे, आणि पहिली-दुसरीच्या मुलांची तोंडे आधी पाहायची, एवढे यंदा जमवायचे आहे.