पहिली सही



कर्जाच्या कागदावर सही करताना किंवा अंगठा उठवताना आपला हात जरा अडखळतोच. मग जिच्यापायी वाडा, गलबते, गोदामे आणि वेळ आलीच तर मानही जायची, अशी सही करताना काय होत असेल? अमेरिकेतील बोस्टनचा व्यापारी जॉन हॅनकॉक याने ती १७७६ साली केली.

हॅनकॉकचे वडील धर्मोपदेशक. ते लवकर वारले. श्रीमंत चुलत्याने मुलाला वाढवले, हार्वर्डला शिकवले आणि आपल्या पेढीवर घेतले. १७६४ साली चुलते वारले आणि 27 वर्षांचा जॉन बोस्टनच्या बड्या धनिकांत जाऊन बसला.

तेव्हा तिथे इंग्लंडचे राज्य होते. १७६५ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने कागदपत्रांवर मुद्रांक-कर बसवला. पुढे चहा, काच, कागद यांवर जकात आली. ‘जिथे आमचा माणूस बसत नाही, त्या सभेने आमच्यावर कर का लादावा?’ हा लोकांचा सवाल. १७६८ साली मदेरा मद्याची जकात चुकवल्याच्या आरोपावरून हॅनकॉकचे ‘लिबर्टी’ गलबत जप्त झाले आणि बोस्टनमध्ये दंगल उसळली. त्याच्यावरचा खटला पुढे मागे घेतला गेला; गलबत मात्र गेले ते गेलेच.

कुणी म्हणेल, हा तर व्यापाऱ्याचा स्वार्थ! होता, नाकारू नये. पण निव्वळ नफा पाहणारा माणूस अशा वेळी सरकारशी जुळवून घेतो. हॅनकॉकने आपला पैसा चळवळीत घातला. जून १७७५ मध्ये जनरल गेजने शस्त्रे टाकणाऱ्यांना माफी जाहीर केली. तीतून दोघेच वगळले: सॅम्युएल अ‍ॅडम्स आणि हॅनकॉक.

त्या वेळी तो फिलाडेल्फियात भरलेल्या काँग्रेसचा अध्यक्ष होता. ४ जुलै १७७६ रोजी स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर होऊन लगेच छापायला गेला. त्या छापील प्रतीवर अध्यक्ष म्हणून एकट्या हॅनकॉकचे नाव, आणि साक्षीला चिटणिसाचे. बाकीच्यांच्या सह्या २ ऑगस्टपासून झाल्या. त्यांची नावे लोकांपुढे छापून आली ती जानेवारी १७७७ मध्ये. तोवर राजद्रोहाच्या त्या कागदाखाली जगाला दिसत होता तो हाच व्यापारी.

‘राजाला चष्म्यावाचून वाचता यावी म्हणून सही मोठी केली’ ही गोष्ट बहुधा मागाहून रचलेली आहे. पण अमेरिकेत सहीलाच ‘जॉन हॅनकॉक’ म्हणतात, हे खरे. पुढे तो मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर झाला व १७९३ साली त्याच पदावर असताना वारला.

शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांना सही गिरवायला शिकवाल तेव्हा एवढे सांगा: ज्या कागदाखाली आपले नाव, त्याचे बरेवाईट आपल्या माथी.