वेबपान हाताने लिहिण्याविषयी

जालना-भोकरदन रस्त्यावरच्या केदारखेड्यासारख्या गावात दहावी-बारावीची मुले वेबपान करायला शिकणार असतील, तर पहिल्या दिवशी त्यांच्यापुढे काय ठेवावे? माझ्या मते तयार साचा ठेवू नये. साधे नोटपॅड उघडून द्यावे आणि पहिले पान मराठीत, हाताने एचटीएमएल लिहून करायला सांगावे. एचटीएमएल म्हणजे गणिते सोडवणारी प्रोग्रामिंगची भाषा नव्हे. मजकुरातला कोणता भाग काय आहे, एवढेच ती टॅग नावाच्या खुणांनी सांगते: हे शीर्षक, हा परिच्छेद, हा तक्ता, हा दुसऱ्या पानाचा दुवा. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत ती घडवली. 1991 मध्ये त्यांनी मांडलेल्या यादीत जेमतेम 18 टॅग होते.

समजा, एखाद्या मुलीने एसटीच्या वेळांचे पान केले. वरची ओळ तिने नुसती मोठी आणि ठळक केली, तर पाहणाऱ्याला ती शीर्षकच वाटेल. पण श्रोतेहो, तुम्ही आत्ता मला ऐकत आहात. माझे कोणते वाक्य ठळक छापले आहे, हे तुम्हाला कसे कळणार? अंध विद्यार्थी एनव्हीडीए हे मोफत सॉफ्टवेअर वापरून पान ऐकतात, तेव्हा त्यांचीही हीच अडचण होते. ओळीला ‘एच वन’ हा शीर्षकाचा टॅग असेल, तर ‘एच’ची कळ दाबताच ते थेट तिथे पोहोचतात. तक्त्याचे रकाने नीट सांगितलेले असतील, तर ‘सात वाजून दहा’ ही वेळ सुटण्याची की पोहोचण्याची, तेही ऐकू येते. नुसत्या रंगरूपातून यातले काहीच पोहोचत नाही.

दिसणे म्हणजेच असणे, असे मानल्याची किंमत मराठीने मोजली आहे. युनिकोड ही सगळ्या लिप्यांसाठीची सामायिक संकेतपद्धत रुळण्यापूर्वी अनेक मराठी संकेतस्थळे आपापला फाँट वापरत. पडद्यावर देवनागरी दिसे, पण आत इंग्रजी अक्षरांचे संकेत असत. तो फाँट संगणकावर नसला की समोर निरर्थक चिन्हे येत, आणि मराठी शब्द टाकून शोधले तर ते पान सापडत नसे. वास्तविक 1991 च्या युनिकोडमध्येच देवनागरीला जागा मिळाली होती. म्हणून पानाच्या सुरुवातीला यूटीएफ-8 ही युनिकोडची अक्षरपद्धत आणि ‘एमआर’ हा मराठीचा संकेत लिहायला मुलांनी पहिल्याच तासाला शिकले पाहिजे. हिंदीची लिपीही देवनागरीच, त्यामुळे भाषा सांगितली नाही तर वाचणारे सॉफ्टवेअर मराठी मजकूर हिंदी उच्चारांनी वाचू शकते. तशी सोय असलेल्या फाँटमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणेही याच संकेतामुळे उमटतात. मला हा दोन अक्षरी संकेत फार मोलाचा वाटतो.

कोणी म्हणेल, आता कृत्रिम बुद्धिमत्ता मागाल ते पान क्षणात करून देते, मग ही मेहनत कशाला? पण तिने शीर्षकाला शीर्षक म्हटले आहे की फक्त मोठे केले आहे, हे तपासणार कोण? ब्राउझर तर सहसा चूक दाखवतही नाही. जमेल तसे पान उभे करतो. दुसरा आक्षेप इंग्रजीचा आहे, आणि तो खरा आहे: टॅगांची नावे इंग्रजी शब्द किंवा त्यांचे संक्षेप आहेत. तरी सुरुवातीला दहा-पंधरा पुरतात, आणि त्यांच्यामधला सगळा मजकूर मराठीत लिहिता येतो. राहिला संगणक आणि इंटरनेट यांचा प्रश्न. टाइप करायला संगणक सोयीचा हे मान्य, पण साध्या मजकुराचे अ‍ॅप असलेल्या मोबाइलवरही एचटीएमएल लिहिता येते, आणि जतन केलेली फाइल ब्राउझरमध्ये इंटरनेटशिवाय उघडते. उद्या भोकरदनच्या गाडीची वेळ बदलली, तर त्या मुलीला तक्त्यातला एकच आकडा बदलायचा आहे, आणि तो कुठे आहे हे तिला ठाऊक असेल.