तार किती उंच असावी?



वाढदिवसाला घरात इलेक्ट्रिक गिटार येते. पहिले काही दिवस ती हातातून सुटत नाही, आणि सहामाही परीक्षेपर्यंत कपाटावर जाऊन बसते. मूल म्हणतं, बोटं दुखतात. घरचे म्हणतात, चिकाटी नाही. मी आज त्या मुलाच्या बाजूने बोलणार आहे. सुरुवातीला बोटांची टोकं हुळहुळतात, मग घट्टे पडतात, हे खरंच. पण चार महिन्यांनीही साधा कॉर्ड धरताना मनगट भरून येत असेल, तर आधी वाद्य तपासा. दुकानातून आलेली गिटार नीट लावलेली असेलच असं नाही.

फ्रेटपासून तार जितकी वर, त्या उंचीला वादक ‘ॲक्शन’ म्हणतात. ती बाराव्या फ्रेटवर मोजायची. गिटार सुरात लावा, वाजवताना धरता तशी धरा आणि मिलिमीटरच्या खुणा असलेली पोलादी पट्टी फ्रेटवर उभी टेकवा. सर्वांत जाड तारेखाली 2 मिलिमीटर आणि सर्वांत बारीक तारेखाली दीड मिलिमीटर, एवढं अंतर बहुतेकांच्या हाताला मानवतं. 3 मिलिमीटर भरलं, तर कुणाचाही हात थकेल.

उंची जास्त दिसली की पुष्कळ जण थेट ब्रिजच्या स्क्रूला हात घालतात. तसं करू नका. सुरुवात नेकपासून करायची. बारीक तारांच्या, वादक ज्याला नवाचा म्हणतात त्या सेटच्या सहा तारा सुरात आल्या की साधारण 38 किलोचा ओढा नेकवर येतो आणि लाकूड पुढे वाकतं. त्याला उलट जोर देणारी पोलादी सळई नेकच्या पोटात असते, तिचं नाव ट्रस रॉड. गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यांनी 1921 मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. आज जवळजवळ प्रत्येक इलेक्ट्रिक गिटारमध्ये ती असते.

नेक अगदी सरळसोटही नको. तार मधोमध सर्वांत जास्त हेलकावते, तिला तेवढी मोकळीक हवी. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरा. मग ती तारच सरळ पट्टीचं काम करते. आता आठव्या फ्रेटपाशी फट बघा. ती पाव मिलिमीटरच्या आसपास असावी. मोजायला फीलर गेज लागतो, तोच जो गॅरेजमध्ये टॅपेट लावताना वापरतात. स्पेअर पार्टच्या दुकानात मिळेल. फट जास्त असेल तर ॲलन कीने ट्रस रॉड घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आवळा, कमी असेल तर उलट सैल करा. एका वेळी फेऱ्याचा आठवा हिस्सा, त्याहून जास्त नाही. मग पुन्हा सूर लावा, पुन्हा मोजा. रॉडचा नट फिरत नसेल तर जोर लावू नका, कारागिराकडे न्या. रॉड तुटला तर दुरुस्ती फार महागात पडते.

आता ब्रिज. स्ट्रॅटोकास्टरच्या धर्तीच्या गिटारला प्रत्येक तारेखाली वेगळं सॅडल आणि त्याला दोन बारीक स्क्रू असतात. बारावा फ्रेट तारेच्या मध्यावर येतो, म्हणून सॅडल 1 मिलिमीटर खाली केलं तर तिथली उंची अर्धा मिलिमीटरच उतरते. हे लक्षात असलं की अंदाज चुकत नाही. मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवून ऐका, आणि बारीक तारा बाराव्या फ्रेटच्या पुढे बेंड करून बघा. सूर मध्येच गुदमरला तर तार जास्त खाली गेली आहे, किंचित वर घ्या. ॲम्प्लिफायरमधून ऐकू न येणारी थोडी झणझण मी चालवून घेतो.

मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीला जवारी काढतात, ती तार घोडीला हलकेच घासून बोलावी म्हणून. गिटारमध्ये तेच घासणं आपण टाळत असतो, पण कानाने निवाडा करायची रीत दोन्हीकडे एकच आहे.

राहिला वरचा नट, खुंट्यांजवळची खाचांची पट्टी. नवशिक्यांचा खरा छळ इथे होतो. पहिल्या फ्रेटवरचा एफ कॉर्ड कित्येकांना रडवतो, आणि त्यात नटच्या उथळ खाचांचा मोठा वाटा असतो. एक सोपी परीक्षा करा. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा आणि तोच आकार एक घर पुढे धरा. हात एकदम हलका झाला, तर नट उंच आहे. ही खाच मात्र घरी कानशीने खोल करू नका. थोडी जास्त घासली गेली की मोकळी तार खरखरते आणि नट बदलावा लागतो. हे काम जाणकाराला करू द्या आणि त्याचे पैसे आनंदाने द्या.

सगळ्यांत शेवटी इंटोनेशन, म्हणजे दाबलेल्या तारेचा सूर खरा लागणं. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून पाहा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे न्या, उतरता असेल तर पुढे आणा. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, उन्हाळ्यात सुकतं, आणि नेकचा बाक बदलतो. म्हणून जूनमध्ये एकदा आणि दिवाळीनंतर एकदा फीलर गेज पुन्हा काढा.