पाणथळीतला तित्तिर

तित्तिर म्हटला की कोरडे माळ आणि काटेरी झुडपे डोळ्यांपुढे येतात. परंतु गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांतील पाणथळ गवतात राहणारा एक तित्तिर आहे. गळा तांबूस, छातीवर पांढऱ्या उभ्या रेघा, पाय चिखलात चालण्याजोगे लांब. धोका जाणवला तरी तो सहसा उडत नाही, गवतात शिरतो. घरटेही जमिनीवरच करतो. गवताळ जमिनी लागवडीखाली गेल्या, तेव्हा त्याने उसाचा आसरा घेतला. पण उसाचे रान हे उसने रान! विणीच्या दिवसांतही तिथे तोडणी चालू असते. १९७२ च्या कायद्यानुसार त्याच्या शिकारीस आता बंदी आहे. घर मात्र त्याला गवतच देऊ शकते. म्हणून दुधवा-काझीरंगाचे गवत राखणे अगत्याचे आहे.