आंबा रत्नागिरीचा, भाव वाशीचा

(रत्नागिरी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले भाषण)



अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत 'स्थाननिश्चिती' नावाचे एक प्रकरण असते. कारखाना कोठे काढावा, गोदाम कोठे बांधावे, माल कोणत्या वाटेने न्यावा, या प्रश्नांची उत्तरे त्यात अंतर, वजन आणि वाहतूकखर्च यांच्या हिशेबाने दिलेली असतात. हा हिशेब खोटा नाही, पण अपुरा आहे. गोदामाची जागा ठरते त्याच क्षणी आणखी एक गोष्ट ठरून जाते. सौद्याच्या वेळी कोणाला थांबता येईल आणि कोणाला थांबता येणार नाही, ही ती गोष्ट होय. रत्नागिरीच्या हापूसइतके याचे स्वच्छ उदाहरण महाराष्ट्रात दुसरे सापडणे कठीण आहे.

जर्मन अर्थशास्त्रज्ञ फॉन थ्यूनेन याने 1826 साली असा सिद्धांत मांडला की, शहराच्या निकट नाशवंत माल पिकेल आणि टिकाऊ माल दूरच्या वर्तुळात जाईल. हापूस हा नियम जुमानीत नाही. तो कोकणच्या जांभ्या कातळावर, खाऱ्या वाऱ्यात पिकतो आणि त्याची मोठी पेठ तीनशेहून अधिक किलोमीटरांवर आहे. पुढे 1909 साली आल्फ्रेड वेबर याने दाखविले की, प्रक्रियेत ज्या कच्च्या मालाचे वजन घटते, त्याचा कारखाना मालाजवळ असावा. आंब्याची साल आणि कोय गाडीभाडे भरून मुंबईला नेण्यात अर्थ नाही. म्हणून आमरस डबाबंद करण्याचे कारखाने रत्नागिरीत निघाले, ते योग्यच झाले. परंतु बागायतदाराला खरा पैसा मिळतो तो ताज्या फळात, आणि ताज्या फळाचे वाटेत घटते ते आयुष्य. वेबरच्या तराजूत ते मावत नाही.

हे आयुष्य किती? तयार झालेला आंबा झेल्याने, देठ राखून, हिरवाच उतरविला जातो. पेंढ्याच्या अढीत तो पिकावयास आठ-दहा दिवस लागतात. हे दिवस म्हणजेच बागायतदाराचे खेळते भांडवल. ते कोणाच्या छपराखाली खर्च होतात, हा सगळ्या अर्थकारणाचा गाभा आहे. संध्याकाळी पेट्या ट्रकमध्ये चढतात आणि दुसऱ्या दिवशी वाशीच्या गाळ्यावर उतरतात. विक्री झाल्यावर पट्टी येते. भाव पटला नाही म्हणून पेटी परत आणणे शक्य नसते, कारण परतीच्या भाड्याबरोबर फळाचे दिवसही खर्ची पडतात. जो माल परत आणता येत नाही, त्याच्या मालकाने सौदा अर्धा हरलेलाच असतो. त्यातून हंगामापूर्वी खत, फवारणी आणि राखणीसाठी अडत्याकडून उचल घेतलेली असली, तर पेटी कोणत्या गाळ्यावर जाणार हेही मोहोर फुटण्याआधीच ठरलेले असते.

वाहतुकीचे साधन बदलले की हे नाते बदलेल, अशी आशा कोकणाने अनेकदा बाळगली. बोटींच्या काळी करंड्या पडावात घालून खोल पाण्यात उभ्या असलेल्या बोटीवर चढविल्या जात. पुढे ट्रक आले. बॅ. नाथ पै आणि प्रा. मधु दंडवते यांनी लोकसभेत कोकण रेल्वेची मागणी वर्षानुवर्षे लावून धरली. 1990 साली महामंडळ स्थापन झाले आणि 1998 साली संपूर्ण मार्ग खुला झाला. ती मोठी लोककमाई होय. तरीही आंब्याच्या पेटीने बहुतांशी रस्ताच धरून ठेवला. बागेतून स्थानकावर, स्थानकावरून डब्यात, डब्यातून मुंबईच्या फलाटावर आणि तेथून पुन्हा टेम्पोने पेठेत, अशी चढउतार नाजूक फळाला मानवत नाही, आणि गाडी स्थानकात मोजकी मिनिटेच थांबते. रूळ टाकल्याने वितरण होत नाही. मालाची प्रतवारी, साठवण आणि चढउतार करणारे केंद्र रुळाच्या टोकाशी असेल तरच ते होते.

पेठेची जागाही बदलून झाली. मुंबईची घाऊक फळपेठ 1996 साली क्रॉफर्ड मार्केटहून वाशीला गेली. शहरातील वाहनांची कोंडी कमी व्हावी, हा त्यामागील विचार होता आणि शहराच्या दृष्टीने तो रास्तही होता. पेठ कोकणच्या वाटेवर काही मैल अलीकडे आली, पण रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची रीतही तिच्याबरोबर खाडी ओलांडून आली. मग कायदा बदलला. जुलै 2016 मध्ये राज्य सरकारने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मुक्त केला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरविले. कायद्याने दार उघडले, पण दाराबाहेर उतरावयास दुसरे ठिकाणच नव्हते. त्यामुळे हंगामातील ट्रक वाशीचीच वाट चालत राहिले.

निर्यातीची गोष्ट तर याहून बोलकी आहे. 2007 साली अमेरिकेची पेठ भारतीय आंब्याला पुन्हा खुली झाली. अट अशी होती की फळावर विकिरणाची प्रक्रिया झालेली असावी. त्या वेळी या कामासाठी मान्यता मिळालेले केंद्र होते नाशिक जिल्ह्यातील लासलगावी. भाभा अणुसंशोधन केंद्राने कांद्याला कोंब फुटू नयेत या हेतूने ते कांद्याच्या पेठेत उभारलेले होते. तेव्हा समुद्रकाठचा आंबा सह्याद्री चढून लासलगावी जाई आणि तेथून दोनशेहून अधिक किलोमीटर मागे येऊन मुंबईत विमानात बसे. विकिरणाची सोय पुढे झाली, ती वाशीला. कृषी पणन मंडळाने रत्नागिरीत निर्यात सुविधा केंद्र उभारले, हे नमूद केले पाहिजे. परंतु निर्णायक प्रक्रिया पेठेच्या टोकाला आणि पिकविणारा या टोकाला, ही विभागणी त्याने मोडली नाही.

ही विभागणी निसर्गाने घालून दिलेली नाही. 1946 साली खेडा जिल्ह्यातील दूध-उत्पादकांनी सहकारी संघ काढला, तेव्हा मुंबईची पेठ होती तेथेच होती. बदलली ती दूध थंड करण्याच्या आणि प्रक्रियेच्या यंत्रांची मालकी आणि जागा. महाराष्ट्रातील द्राक्षबागायतदारांच्या सहकारी संस्थांनी 1991 साली 'महाग्रेप्स'च्या रूपाने एकत्र येऊन पूर्वशीतकरणाची सोय द्राक्षाच्या गावांजवळ केली. रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या बंदरावर बर्फाचे मोल कोणाला सांगावे लागत नाही. ज्याच्याकडे बर्फ आहे, तोच मासळीला उद्याच्या भावाची वाट पाहावयास लावू शकतो.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून चालणार नाही. आंब्याचा हंगाम मार्च ते मे. पाऊस आला की संपला. तीन महिन्यांच्या मालासाठी बांधलेले शीतगृह उरलेले नऊ महिने रिकामे पडेल, मग त्याचे व्याज कोण भरणार? शिवाय हापूस फार थंडीत ठेवला तर बिघडतो. तेरा अंशांच्या आसपासच तो सुखी असतो, म्हणून मासळीचे शीतगृह त्याला चालत नाही. आक्षेप बरोबर आहे. मात्र त्याने अवाढव्य शीतगृहाची योजना बाद होते, स्थानिक केंद्राची होत नाही. तालुक्याला एक पुरेसे प्रतवारीगृह, त्याला जोडून माफक थंडाव्याच्या आणि आंबा पिकविण्याच्या खोल्या, आणि तेथूनच भरून निघणारी गाडी, एवढ्यानेही चार-सहा दिवस बागायतदाराच्या हाती राहतात. त्या चार-सहा दिवसांत तो वाशीचा, पुण्याचा, कोल्हापूरचा भाव विचारू शकतो, आणि तो विचारू शकतो हे वाशीला कळले की तेथील बोलीही बदलते. ज्याचा तोटा एकेकट्या बागायतदाराला पेलत नाही, ते सहकाराने आणि सार्वजनिक पैशाने उभारावयाचे असते. रस्ते आणि धक्के याच न्यायाने बांधले गेले.

2020 च्या टाळेबंदीत याची चुणूक दिसली. वाशीची पेठ काही दिवस बंद ठेवावी लागली, एस.टी.ने मालवाहतूक सुरू केली आणि अनेक बागायतदारांनी मुंबई-पुण्याच्या गृहसंकुलांत थेट पेट्या पोचविल्या. संकट ओसरले तसा बहुतेक माल जुन्या वाटेला लागला, कारण ती व्यवस्था माणसांच्या धडपडीवर उभी होती, तिच्यामागे केंद्र नव्हते.

एक इशारा मात्र कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावयास हवा. वाशीच्या हमालाला 1969 च्या माथाडी कायद्याचे संरक्षण आहे आणि ते लढून मिळविलेले आहे. कोकणच्या बागांत राखण करणारा नेपाळी गडी, पेट्या भरणारी बाई आणि झेला धरणारा मजूर यांच्या वाट्याला तसे काही आलेले नाही. केंद्र वाशीहून रत्नागिरीला आणताना मजुरीचे हक्क खाडीपलीकडेच ठेवून आले, तर नफा एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला, इतकेच होईल. म्हणून केंद्राच्या संस्थेत लहान बागायतदाराला मत आणि तेथे राबणाऱ्याला नोंद, ठरलेली मजुरी व भविष्यनिर्वाह निधी, या दोन मागण्या एकाच पत्रकात असल्या पाहिजेत.

तेव्हा यापुढे कोणतीही योजना जाहीर झाली की तिच्या आकड्याआधी तिची जागा विचारावी. प्रतवारी कोठे होणार? आंबा पिकणार कोठे? भाव लिहिला जाणार कोठे, आणि तो लिहिताना बागायतदार हजर असणार की त्याची नुसती पेटी? जोवर उत्तर वाशी असे येते, तोवर रस्ते रुंद झाले तरी कोकणचा माणूस त्यावरून आपला माल दुसऱ्याच्या मर्जीवर सोडण्यासाठीच जात राहील.