पार्सल नको, बसून खाऊ
(संघाच्या वार्षिक सभेतलं भाषण, थोडं आटोपशीर करून)



बचत, परतफेड, बँकेचं कर्ज यावर सकाळपासून पुष्कळ बोलून झालं. आता माझा विषय ऐकून मागच्या रांगेतल्या काही जणी हसणार आहेत. हसा, पण ऐका. वर्षातून दोन-चार वेळा कोल्हापुरात जायचं, फिरायचं आणि हॉटेलात बसून खायचं, एवढाच विषय आहे. कामासाठी नाही. आपल्यासाठी.

आठवून बघा, मागच्या वर्षभरात तुम्ही कोल्हापूरला कशाकशाला गेलात? कुणी सासूच्या डोळ्यांसाठी, कुणी पोराच्या दाखल्यासाठी, कुणी बँकेत, कुणी लग्नाचा बस्ता बांधायला. सीपीआर दवाखान्यात तर आपलं जाणं ठरलेलंच. त्या सीपीआरसमोर टाऊन हॉलची बाग आहे, दगडी इमारत आहे. आत १९४६ साली सुरू झालेलं वस्तुसंग्रहालय आहे. आपल्या पंचगंगेच्या काठावर ब्रह्मपुरीत खोदकाम झालं, तिथं सापडलेल्या फार जुन्या वस्तू तिथं मांडून ठेवल्यात. रस्ता ओलांडून आत गेलेल्या किती जणी आहेत? हात वर करा. बघा, इतक्या मोठ्या सभेत मोजून चार हात. शहर आपल्याला दवाखान्याच्या रांगेतून माहीत आहे. बाकीचं शहर आपण बसच्या खिडकीतून बघतो.

आणि खाण्याचं काय करतो? पिशवीत भाकरी बांधून नेतो. वाईट काही नाही त्यात. पण पोरांना वडापाव घेऊन देतो आणि आपण म्हणतो, "मला भूक न्हाई." सकाळी चारला उठलेल्या बाईला दुपारी दोनला भूक नसते, हे कुणाला खरं वाटेल? पोरं मात्र ते खरं मानतात. आईला भूक लागत नाही, आईला काही आवडत नाही, असंच ती शिकतात. उद्या आपली लेक सासरी हेच म्हणणार आणि आपला लेक सुनेकडून हेच धरून चालणार.

हॉटेलात बसणं ही साधी गोष्ट वाटते. पण कोण बसणार आणि कुणाच्या हातचं खाणार, यावर याच कोल्हापुरात शंभर वर्षांपूर्वी मोठं रण झालंय. गंगाराम कांबळे हे राजर्षी शाहू महाराजांच्या पागेत कामाला होते. हौदातल्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना मदत करून भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढून दिलं. दलिताच्या हातचा चहा प्यायला लोक येईनात. तेव्हा महाराज स्वतः त्या हॉटेलापुढं गाडी थांबवायचे, चहा मागवून प्यायचे आणि बरोबरच्या लोकांनाही पाजायचे. राजानं घोटभर चहा घेतला आणि रस्त्यावरच्या माणसांना कळलं की इथं बसायला हरकत नाही.

आज आपल्याला दारात कुणी अडवत नाही. तरी पाय आत पडत नाही. "चूल असताना बाहेर कशाला?" "लोकं काय म्हणतील?" "एवढ्या पैशात आठवड्याची भाजी येती." ही वाक्यं आपल्या मनातच तयार असतात, दुसऱ्या कुणी म्हणावी लागत नाहीत. वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस आपण रांधतो, वाढतो, उरलंसुरलं खातो. एक दिवस दुसऱ्यानं रांधलेलं, गरम, पुढ्यात आणून ठेवलेलं खाल्लं तर त्यात उधळपट्टी कसली?

आता कुठं आणि कधी जायचं ते सांगते.

पावसाळ्यात पन्हाळा. कोल्हापूरपासून साधारण वीस किलोमीटर. धुकं, गार वारा, तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जा कोठी. सिद्दी जौहरचा वेढा पोरांनी पुस्तकात वाचलेला असतो, तो गडावर उभं राहून समजतो. तिथं झुणका-भाकरी आणि ठेचा करून घालणाऱ्या आपल्यासारख्याच बाया आहेत. त्यांच्याकडं बसा. आपण चार घास निवांत खातो आणि त्यांचाही गल्ला भरतो. फक्त पावसात कठड्याजवळ आणि शेवाळलेल्या पायऱ्यांवर पोरांचा हात सोडू नका.

नवरात्रात अंबाबाई. दर्शनाला आपण जातोच, पण दर्शन झालं की पळत बस गाठतो. त्याऐवजी रोजची वेगळी बांधलेली पूजा बघा, भवानी मंडप बघा. दसऱ्याला जमलं तर दसरा चौकातलं सोनं लुटणं बघून या. गर्दी टाळायची असेल तर किरणोत्सव आहे. ९, १० आणि ११ नोव्हेंबरला, पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं गाभाऱ्यात जातात. पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, मग वर चढत मुखापर्यंत. ढग असले तर दिसत नाही, ते आपल्या हातात नाही. हा सोहळा सूर्यास्ताचा आहे. त्यामुळं परतीची शेवटची एसटी किती वाजता, ते आधीच विचारून ठेवा.

थंडीत गंगावेशीतला दूध कट्टा. समोर म्हैस पिळतात आणि फेसाळतं धारोष्ण दूध पेल्यात देतात. तुम्ही म्हणाल, घरच्या म्हशीचं दूध सोडून शहरात दूध प्यायला जायचं? तर घरचं दूध डेअरीला जातं आणि आपल्या वाट्याला चहापुरतं राहतं, हे मला ठाऊक आहे. पोरं लहान असली, कुणी गरोदर असली, तर मात्र कच्चं दूध पिऊ नका, तापवलेलंच घ्या.

उन्हाळ्याच्या सुट्टीत संध्याकाळी रंकाळा. काठावर बसून भेळ, पोरांना आइस्क्रीम. यात खर्च कमी आणि वारा फुकट.

आणि मिसळ बारा महिने. कोल्हापुरी मिसळ पावाच्या स्लाइसबरोबर येते. मटकीची उसळ, वर शेव-फरसाण, कांदा, लिंबू आणि लालभडक कट. तिखट सोसत नसेल तर कट वेगळा मागा आणि दही घ्या. मागायला लाजू नका, गिऱ्हाईक आपण आहोत. तांबडा-पांढरा रस्सा घरी आपणच करतो, पण कुणी तो आपल्याला वाटीत ओतून "आणखी घ्या ताई" म्हणावं, याची चव निराळी.

आता पैशाचं बोलू, कारण खरी अडचण तिथंच आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. पाच ते बारा वर्षांच्या पोरांनाही अर्धं. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजीला तर फुकट, फक्त ओळखपत्र जवळ पाहिजे. उरला खाण्याचा खर्च. दहा जणींच्या गटात प्रत्येकीनं आठवड्याला दहा रुपये बाजूला टाकले, तर बावन्न आठवड्यांत एकीचे ५२० आणि गटाचे ५,२०० होतात. म्हणजे वर्षाला दोन सहली, प्रत्येकीला एका वेळी २६० रुपये. एवढ्यात अर्धं तिकीट, मिसळ, चहा आणि भेळ भागते.

पण तीन गोष्टी पक्क्या करा. हा पैसा बचतीत आणि अंतर्गत कर्जात मिसळायचा नाही. त्याची वेगळी नोंद ठेवा आणि बैठकीत ठराव लिहा. सहलीसाठी कर्ज उचलायचं नाही. आणि जिला दहा जमत नाहीत तिनं पाच टाकावेत, पण तिला मागं ठेवून गट निघायचा नाही. ताटात कमी-जास्त करू नका, तिची भर बाकीच्यांनी घाला आणि त्याचा उच्चार कुणी करायचा नाही.

हॉटेलात गेल्यावर भाव आधी बघा. फलक नसेल तर विचारा. बिल वाचा. साध्या हॉटेलात जीएसटी असला तर तो पाच टक्के असतो. सेवा शुल्क म्हणजे सर्व्हिस चार्ज लावला असेल, तर तो देणं सक्तीचं नाही, काढायला सांगता येतं. आणि बाथरूम आहे का, स्वच्छ आहे का, हे ऑर्डर देण्याआधी विचारा. बाहेर जायचं म्हणून सकाळपासून पाणी न पिणाऱ्या बाया आपल्यात किती आहेत हे मी जाणते. त्यानं लघवीची जळजळ आणि डोकेदुखी घरी येते. पाणी पिऊन फिरा.

घरी कुणी कुरकुर केली तर? एक सहल पोरांना घेऊन करा, एक बिनपोरांची करा. त्या दिवशी जी जाणार नाही, तिनं जाणारीच्या घरची धार काढायची आणि पुढच्या वेळी उलट. पोरं बापाजवळ राहू देत. एक दिवस भात लावता आला नाही म्हणून कुणी उपाशी मरत नाही, आणि लावता आला तर चांगलंच.

आपल्यात काही जणी नवऱ्यामागं पोरं वाढवतायत. त्यांच्याबद्दल गाव लवकर बोलतं. म्हणून एकटं नको, गटानं जाऊ. दहा जणी मिळून एका टेबलाला बसल्या की बोलणाऱ्याचं तोंड आपोआप बंद होतं. त्या बाईला आपण सोबत नेलं नाही, तर आपल्या गटाला गट म्हणायचं कशाला?

काही ताई म्हणतील, यातून धंद्याचं शिकता येईल. येईल की. भाव कसा लावतात, बसायला जागा कशी करतात, ते दिसेल. पण अभ्यास दौरे आपण पुष्कळ केले. हा दिवस शिकायचा नाही. वही घरी ठेवा.

पुढच्या बैठकीत विषय घ्या. तारीख ठरवा, सुगी आणि शाळेची परीक्षा सांभाळून. नोव्हेंबरच्या किरणोत्सवाला किती गट येतात ते महिन्याच्या अहवालात कळवा. आणि त्या दिवशी वेटर विचारायला आला की आधी पोरांकडं, नवऱ्याकडं बघू नका. आपल्याला काय खायचंय, ते आपणच सांगा.