दहावी आलेली ललिता

(जत येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



१५ ऑगस्ट २०१६ रोजी रिओ ऑलिंपिकमध्ये महिलांच्या ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी झाली. माण तालुक्यातल्या मोही गावची, शेतकऱ्याच्या घरची ललिता बाबर तीत दहावी आली. पदक नाही म्हणून त्या दहाव्या क्रमांकाकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही. आपला जत आणि तिचं माण एकाच पर्जन्यछायेत येतात. निदान आपण तरी ते नीट समजून घेतलं पाहिजे, असं मला कळकळीनं वाटतं.

आधी ही शर्यत काय असते ते सांगतो. साडेसात फेऱ्यांच्या आसपास पळायचं, त्यात २८ अडथळे आणि वर ७ पाण्याच्या उड्या. अडथळ्यांच्या इतर शर्यतींत पाय लागला तर अडथळा पडतो, पळणारा पुढे जातो. इथला लाकडी ओंडका जागचा हलत नाही. पडलं तर पळणाऱ्यानंच पडायचं. लय जमते न जमते तोच समोर पुढचा अडथळा उभा. शर्यतभर पस्तीस वेळा ती लय मोडायची आणि पुन्हा धरायची. शिवाय महिलांची ही शर्यत ऑलिंपिकमध्ये आली तीच मुळी २००८ साली, बीजिंगला. ललिताचा जन्म १९८९ चा. म्हणजे ती शाळेत पळत होती तेव्हा ऑलिंपिकमध्ये तिच्यासाठी ही वाटच नव्हती.

ती मॅरेथॉन पळायची. मुंबई मॅरेथॉनमध्ये २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षं ती भारतीय महिलांत पहिली आली. नाव झालं होतं, बक्षिसं मिळत होती. आणि नेमकं तेव्हा, पंचविशीच्या उंबरठ्यावर, तिनं स्टीपलचेसवर सगळा भर द्यायचं ठरवलं. तिच्या सगळ्या कारकिर्दीत मला हाच निर्णय सर्वांत मोठा वाटतो. बेचाळीस किलोमीटर पळणाऱ्या पायांना तीन किलोमीटरचा वेग शिकवायचा आणि वर उड्याही शिकवायच्या! निकोलाय स्नेसारेव्ह या बेलारूसच्या प्रशिक्षकाच्या हाताखाली तिनं ते केलं.

मग घड्याळ काय सांगतं पाहा. २०१४, इंचॉन आशियाई स्पर्धा: ९ मिनिटं ३५.३७ सेकंद, कांस्यपदक, आणि सुधा सिंगचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०१५, वुहान: ९:३४.१३, आशियाई अजिंक्यपदाचं सुवर्ण. त्याच वर्षी बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीत ९:२७.८६, अंतिम फेरीत आठवी. आणि रिओत १३ ऑगस्टच्या प्राथमिक फेरीत ९:१९.७६. दोन वर्षांच्या आत जवळजवळ सोळा सेकंद कमी! थोडंफार पळालेल्या कुणालाही विचारा, या पातळीवर एक सेकंद कमी करायला काय लागतं ते.

या वेळेमुळे ती अंतिम फेरीत पोचली. १९८४ साली लॉस एंजेलिसला पी. टी. उषा ४०० मीटर अडथळ्यांत चौथी आली होती. त्यानंतर ३२ वर्षांत एकही भारतीय महिला ऑलिंपिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीत प्राथमिक फेरी पार करून अंतिम फेरीत पोचली नव्हती. अंतिम फेरीत ललितानं ९:२२.७४ वेळ दिली. बहारीनच्या रूथ जेबेटनं सुवर्ण घेतलं ते ८:५९.७५ मध्ये. अंतर मोठं होतं, ते लपवायचं कशाला? पण ती ज्यांच्याबरोबर पळत होती त्या जगातल्या सर्वोत्तम मुली होत्या.

त्याच वर्षी तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढे ती राज्याच्या महसूल खात्यात अधिकारी झाली. रिओच्या प्राथमिक फेरीतला तिचा ९:१९.७६ चा राष्ट्रीय विक्रम मात्र सात वर्षं कुणाला मोडता आला नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत मेरठच्या पारुल चौधरीनं तो मोडला. वेळ ९:१५.३१, ललितापेक्षा चार सेकंदांहून कमी. त्या अंतिम फेरीत पारुल अकरावी आली.